पत, अनामत आणि भाड्याचे घर

मराठीत 'पत' या शब्दाला दोन अर्थ आहेत. ज्याला बाजारात उधार मिळते त्याची पत असते, आणि चारचौघांत ज्याच्या शब्दाला किंमत असते त्याचीही पत असते. हे दोन अर्थ एकाच शब्दात नांदत आले, याचे कारण उधार देणारा व घेणारा हे बहुधा एकाच गावचे रहिवासी असत. सावकाराच्या वहीत काय लिहिले आहे हे गावाला ठाऊक असे, आणि गावाला जे ठाऊक असे ते वहीत लिहिण्याची गरज नसे. पीक बुडाले म्हणून एखाद्याचा हप्ता चुकला, की जुगारात पैसा उडविला म्हणून चुकला, हा फरक वहीत नसला तरी लोकांच्या स्मरणात असे.

महानगरात ही सांगड मोडते. तेथे वही एकीकडे असते आणि शेजार दुसरीकडे. कर्जदाराची नोंद दूरच्या एखाद्या कंपनीच्या संगणकात असते. त्याला घर भाड्याने देणारा मनुष्य बंगळुरातील जयनगरात किंवा मारतहळ्ळीत राहत असतो. दोघांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नसतो. असे असूनही, पूर्वी कर्जात सापडलेल्या आणि त्यातून कसाबसा बाहेर पडलेल्या कुटुंबाला घर शोधताना जुने कर्ज आडवे येत असल्याचा अनुभव येतो. ते नेमके कोणत्या वाटेने आडवे येते याविषयी पुष्कळ गैरसमज आहेत. त्यांची छाननी करणे आणि अशा कुटुंबाने काय करावे हे पाहणे हा या प्रकरणाचा हेतू आहे. उदाहरणासाठी बंगळूर निवडले आहे, कारण घर भाड्याने देताना भली मोठी अनामत मागण्याबद्दल भारतातील कोणते शहर प्रसिद्ध असेल तर ते हेच होय.

नोंद आणि तिचे आयुष्य

कर्जदारांची मध्यवर्ती नोंद ठेवण्याची व्यवस्था आपल्याकडे तशी अलीकडची आहे. एन. एच. सिद्दिकी यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटाने १९९९ मध्ये तशी शिफारस केली. २००० मध्ये 'क्रेडिट इन्फर्मेशन ब्यूरो (इंडिया) लिमिटेड' ही कंपनी स्थापन झाली आणि तिच्या आद्याक्षरांतून तयार झालेला 'सिबिल' हा शब्द पुढे इतका रूढ झाला की लोक आज 'माझे सिबिल खराब आहे' असे, जणू ते एखादे शरीराचे इंद्रिय असावे, अशा सुरात बोलतात. २००५ मध्ये पतमाहिती कंपन्यांचे नियमन करणारा कायदा झाला. सध्या ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या या कायद्याखाली काम करतात. बँका व वित्तसंस्था आपल्या प्रत्येक कर्जदाराची माहिती त्यांना पुरवितात. ही माहिती पूर्वी महिन्यातून एकदा जात असे. जानेवारी २०२५ पासून ती पंधरवड्याला जाऊ लागली. तिच्या आधारे ३०० ते ९०० या दरम्यानचा एक अंक काढला जातो. तो जितका मोठा तितकी पत चांगली, असे मानतात.

अंकापेक्षा अहवालातील शेरे अधिक महत्त्वाचे असतात. कर्ज पूर्ण फिटले तर खाते 'बंद' म्हणून दाखविले जाते. परंतु कर्जदाराची ऐपत संपली आहे असे पाहून बँकेने थोडी रक्कम सोडून दिली आणि उरलेली घेऊन प्रकरण मिटविले, तर त्यापुढे 'तडजोड' असा शेरा पडतो. बँकेने रक्कम बुडीत धरली तर तसा शेरा पडतो. कर्जदाराच्या दृष्टीने तडजोड म्हणजे सुटका; त्याने शेवटचा हप्ता भरून पेढेही वाटलेले असतात. पण पुढच्या बँकेच्या दृष्टीने मात्र तो ठरलेली रक्कम पुरी न देणारा मनुष्य ठरतो. ही नोंद किमान सात वर्षे जपून ठेवली जाते. येथे एक विसंगती नजरेस येते. मुदतीच्या कायद्यानुसार साध्या पैशाच्या दाव्याची मुदत सर्वसाधारणपणे तीन वर्षांची असते. म्हणजे ज्या कर्जासाठी न्यायालयात जाण्याचा हक्क संपला, त्याचाही डाग अहवालावर शिल्लक राहू शकतो.

कर्ज थकण्याची कारणे पाहिली तर उधळपट्टी हे त्यांपैकी केवळ एक असल्याचे दिसते. 'ऋण काढून सण' करणारे लोक सर्व काळी होते. तथापि आजारपण, नोकरी जाणे आणि घरातील लग्नकार्य ही कारणे त्याहून जुनी आहेत. २०२० च्या टाळेबंदीत रिझर्व्ह बँकेने हप्ते पुढे ढकलण्याची सवलत दिली. ती वाढवून ३१ ऑगस्ट २०२० पर्यंत चालली आणि तेवढ्या काळातील न भरलेला हप्ता थकबाकी म्हणून नोंदवू नये असेही ठरले. परंतु सवलत संपली म्हणून बंद पडलेला कारखाना दुसऱ्या दिवशी सुरू झाला असे घडले नाही. क्रेडिट कार्डाचे थकलेले व्याज बहुधा दरमहा तीन ते पावणेचार टक्के या दराने चढते. थकलेले व्याज मुद्दलापेक्षा अधिक मागू नये असा 'दामदुपटी'चा जुना नियम आपल्याकडे होता; कार्डाच्या जगात त्याचा मागमूस नाही.

घरमालकाला ही नोंद दिसते काय?

अमेरिकेत हा प्रश्न कोणी विचारणार नाही. तेथे घरमालकाने अर्जदाराचा पतअहवाल मागविणे हा नित्याचा व्यवहार आहे, आणि अहवालामुळे घर नाकारले तर तसे अर्जदाराला कळविण्याचे बंधन १९७० च्या एका संघीय कायद्याखाली घरमालकावर येते. जर्मनीत १९२७ मध्ये सुरू झालेल्या 'शूफा' या संस्थेचे प्रमाणपत्र भाडेकरूने कागदपत्रांच्या पुडक्यात जोडावे अशी अपेक्षा असते. परदेशी काही वर्षे काढून बंगळुरास परतलेल्या मराठी कुटुंबांना येथेही तसेच असेल असे वाटते, आणि पुष्कळदा तेथूनच गैरसमजास प्रारंभ होतो.

भारतात तसे नाही. २००५ च्या कायद्याने पतमाहिती कोणाला मिळावी हे ठरवून दिले आहे. बँका, वित्तसंस्था आणि नियमांत नमूद केलेल्या विमा किंवा दूरध्वनी कंपन्यांसारख्या काही संस्था यांनाच ती मागविता येते. मल्लेश्वरममधील दुमजली घराचा निवृत्त मालक या यादीत बसत नाही. कर्जदाराने आपला अहवाल स्वतः काढून दिला तरच तो त्याला पाहता येईल. अलीकडे घरे सांभाळणाऱ्या काही कंपन्या आणि काही सावध मालक असा अहवाल अर्जदाराकडूनच मागतात. तो देण्याचे कायदेशीर बंधन नाही. अर्थात न दिल्यास घर न देण्यास मालकही मोकळा असतो. अशा वेळी अहवालाऐवजी मागील सहा महिन्यांचे वेतनपत्रक, बँकेच्या खात्याचा उतारा आणि पूर्वीच्या घरमालकाची दोन ओळींची चिठ्ठी पुढे करावी. भाडे वेळेवर मिळेल की नाही हे मालकाला जाणून घ्यावयाचे असते. त्या प्रश्नाला मागील घराचे नियमित भरलेले भाडे हे चार वर्षांपूर्वीच्या कार्डाच्या थकबाकीपेक्षा अधिक सरळ उत्तर आहे. पतअहवालात घरभाड्याची नोंद सामान्यतः होत नाही, हे या व्यवस्थेचे मोठेच वैगुण्य म्हणावे लागेल. बारा वर्षे एक तारखेला भाडे देणाऱ्या माणसाच्या या सचोटीची कोणत्याही कागदावर नोंद राहत नाही.

मालकाला नोंद दिसत नसेल तर अडचण कोठे येते? ती अनामतीच्या रूपाने येते.

दहा महिन्यांची भिंत

'मने बाडिगेगे इदे', म्हणजे घर भाड्याने देणे आहे, अशी पाटी बंगळुरातील दारांवर आजही दिसते. आत जाऊन चौकशी केली की भाड्याच्या आकड्यापाठोपाठ 'ॲडव्हान्स'चा आकडा येतो. परंपरेने तो दहा महिन्यांच्या भाड्याइतका असतो. अलीकडे पाच-सहा महिन्यांवर राजी होणारे मालकही भेटतात, पण दहाचा आकडा अद्याप लोकांच्या जिभेवर आहे. पुण्याहून गेलेल्या माणसाला, जेथे दोन-तीन महिन्यांची अनामत पुरते, हा आकडा ऐकून प्रथम आपल्या ऐकण्यात चूक झाली असेच वाटते. (ज्या बंगळुराची जहागीर शहाजीराजांकडे होती, ते सबंध शहर १६८७ मध्ये मोगल सरदार कासिमखानाने म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांना तीन लाख रुपयांत दिले. आज तेवढ्यात एका साध्या घराची अनामतही भागेलच असे नाही.)

एवढी अनामत का? मालक लोभी असतात हे सोपे उत्तर झाले. अनामत हा पतमाहितीचा पर्याय आहे, हे अधिक खरे उत्तर होय. मालकाला समोरच्या माणसाची काहीच माहिती नसते. तो कोठून तरी नोकरीसाठी आला आहे, दोन वर्षांनी कोठे तरी जाईल. भाडे थकले आणि तो घर सोडीना, तर लघुवाद न्यायालयात दावा किती दिवस चालेल हे सांगता येत नाही. तेव्हा अनोळखी माणसावर विश्वास ठेवण्याऐवजी मालक त्याचे पैसेच धरून ठेवतो. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने 'लीव्ह अँड लायसन्स' करार लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक ठरविले आणि मुदत संपल्यावर घर परत मिळविण्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाण्याची तुलनेने जवळची वाट ठेवली. पुण्या-मुंबईकडे अनामत लहान असण्याचे हे एकमेव कारण नसले तरी एक कारण असावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. कर्नाटकातही १९९९ चा भाडे कायदा आहे आणि तो २००१ च्या अखेरीस अमलात आला. परंतु बंगळुरात दरमहा ३,५०० रुपयांहून अधिक प्रमाणित भाडे असलेली घरे त्याच्या कक्षेबाहेर ठेवलेली आहेत. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी संमत केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्याच्या नमुन्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक अनामत घेऊ नये असे म्हटले आहे. तथापि तो नमुनाच आहे. राज्याने स्वीकारल्यावाचून तो कोणासही बांधत नाही, आणि बंगळुराच्या नित्य व्यवहारात तो उतरलेला नाही.

आता जुन्या कर्जाचा येथे संबंध कसा येतो ते आकड्यांनी पाहू. समजा, बेळगावकडून आलेले एक चौघांचे कुटुंब पीण्या औद्योगिक वसाहतीजवळ घर शोधत आहे. कर्ता पुरुष यंत्रकारागीर असून टाळेबंदीनंतर त्याचे वैयक्तिक कर्ज थकले, पुढे तडजोडीने मिटले. घराचे भाडे १८ हजार रुपये, अनामत दहा महिन्यांची, म्हणजे १ लाख ८० हजार. शेजारच्या घरात त्याच भाड्याने दुसरा एक मनुष्य राहावयास येतो, ज्याच्याजवळ ही रक्कम ठेवीत पडून आहे. ठेवीवर त्याला सहा टक्के व्याज मिळत असेल तर ते वर्षाला १०,८०० रुपये होते. तेवढे त्याने गमावले. म्हणजे त्याला घर दरमहा १८,९०० रुपयांना पडले. आपल्या कारागिराजवळ शिल्लक नाही आणि अहवालातील शेऱ्यामुळे बँक त्याला उभे करीत नाही. त्याला एखाद्या वित्तसंस्थेने चोवीस टक्क्यांनी पैसे दिले तर व्याजापोटी दरमहा ३,६०० रुपये जातील आणि घर २१,६०० रुपयांना पडेल. ओळखीच्या सावकाराकडून दरमहा शेकडा तीन दराने रक्कम उचलली, तर व्याजच ५,४०० रुपये होईल आणि तेच घर त्याला २३,४०० रुपयांना पडेल. भिंती त्याच, नळाला येणारे पाणीही तेच. पत नसल्याची किंमत ही अशी दर महिन्याला मोजावी लागते. शिवाय पूर्वीच्या कर्जातून सुटलेला मनुष्य घरासाठी पुन्हा त्याच फेऱ्यात पाऊल टाकतो, आणि या साऱ्या प्रकारातील धोक्याची जागा हीच आहे. या शहरात जुन्या कर्जामुळे घर नाकारले जाण्यापेक्षा घर मिळविण्यासाठी नवे कर्ज होण्याचेच प्रसंग अधिक.

म्हणून अशा कुटुंबाने घासाघीस करावयाची ती भाड्यावर नव्हे, अनामतीवर. वरच्याच उदाहरणात कारागिराने मालकापुढे असा प्रस्ताव ठेवला की, अनामत ७२ हजार घ्या आणि भाडे हजार रुपयांनी वाढवा. आता चोवीस टक्क्यांनी उचललेल्या ७२ हजारांचे व्याज दरमहा १,४४० रुपये. त्यात १९ हजार भाडे मिळविले की एकूण २०,४४० होतात. म्हणजे भाडे वाढूनही त्याचे महिन्याला १,१६० रुपये वाचले. मालकाचे काय झाले? त्याच्या हातून १ लाख ८ हजार रुपयांवरील व्याज गेले; सहा टक्क्यांनी ते महिन्याला ५४० रुपये होते. बदल्यात त्याला हजार रुपये मिळाले. दोघांचाही लाभ होतो, कारण एकाच रकमेची किंमत दोघांना निरनिराळी पडते. हे गणित कागदावर मांडून दाखविल्यास मालक ते समजून घेतो. बंगळुरातील पुष्कळसे घरमालक निवृत्त शिक्षक, बँक कर्मचारी किंवा सरकारी कारखान्यांतील जुने नोकर असतात. हिशोब त्यांना परका नसतो. अनामत दोन-तीन हप्त्यांत देण्याची मुभा मागणे, नोकरीच्या ठिकाणाहून पत्र आणणे, भाऊ किंवा मेहुणा यांस जामीन म्हणून करारात घेणे, हेही मार्ग आहेत. मात्र जामीन राहणाऱ्याला आपण कशावर सही करीत आहोत हे आधी स्पष्ट सांगावे. नात्यातील जामिनकीने मोडलेली घरे कर्जाने मोडलेल्या घरांपेक्षा कमी नसतील.

मालकाला जुन्या कर्जाविषयी आपण होऊन सांगावे काय? विचारले तर खोटे बोलू नये, एवढेच निश्चितपणे सांगता येईल. विचारले नाही तर मिटलेल्या कर्जाची कथा पाटी पाहावयास आलेल्या पहिल्याच दिवशी ऐकविण्याचे कारण नाही. परंतु कर्ज अद्याप मिटले नसेल आणि वसुलीची माणसे घरी येण्याचा संभव असेल, तर ती गोष्ट वेगळी. मालक खाली आणि भाडेकरू वर अशी बंगळुरातील घरांची रचना असते. वसुलीसाठी आलेला मनुष्य फाटकाशी मोठ्याने नाव घेऊन चौकशी करतो, आणि जी माहिती कायद्याने मालकापासून राखून ठेवली होती ती एका सकाळी साऱ्या गल्लीला कळते. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बजावले आहे की, सकाळी आठच्या आधी व संध्याकाळी सातनंतर कर्जदाराला वसुलीसाठी दूरध्वनी करू नये, आणि चारचौघांत त्याचा पाणउतारा किंवा त्याच्या कुटुंबीयांना व परिचितांना उपद्रव होईल असे वर्तन करू नये. कर्नाटक शासनानेही २०२५ मध्ये, आधी अध्यादेशाने व मग कायद्याने, लहान कर्जांच्या जबरदस्तीच्या वसुलीस दहा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद केली. तिचा रोख रिझर्व्ह बँकेकडे नोंद नसलेल्या सावकारीवर आहे. या नियमांचा आधार लेखी तक्रारीत घेता येतो. तरीही ज्याच्यावर असा प्रसंग येण्याची शक्यता आहे त्याने मालकाला एकदा शांतपणे कल्पना देऊन ठेवणे बरे. बाहेरून कळलेल्या गोष्टीपेक्षा स्वतः सांगितलेली गोष्ट माणूस सौम्यपणे घेतो.

भोग्य, आणि मालकाचे कर्ज

ज्याच्याजवळ घर विकून, दागिने मोडून किंवा भविष्यनिर्वाह निधीतून काही रक्कम एकगठ्ठा आलेली असते, त्याला बंगळुरात आणखी एक वाट दाखविली जाते. तिला कन्नडमध्ये 'भोग्य' आणि बोलण्यात नुसते 'लीज' म्हणतात. भाडेकरूने काही लाख रुपये मालकाजवळ ठेवावे, दोन-तीन वर्षे भाडे न देता राहावे, आणि जाताना पूर्ण रक्कम परत घ्यावी, असा हा व्यवहार. आपल्याकडील 'हेवी डिपॉझिट' किंवा दक्षिण कोरियातील 'जॉन्से' ही त्याचीच भावंडे होत. महिन्याच्या भाड्याची कटकट नाही, पतीची चौकशी नाही. कर्जाने पोळलेल्या माणसाला तो फार आकर्षक वाटतो.

पण येथे थोडे थांबून विचार करावा. नियमित भाडे सोडून एकगठ्ठा रक्कम मालकाला का हवी असते? काही वेळा मुलीच्या लग्नासाठी किंवा दुसरे घर बांधण्यासाठी. आणि काही वेळा बँक त्याला पैसे देत नाही म्हणून! म्हणजे भाडेकरू आपली पत तपासली जाईल या भीतीने जेथे जातो, तेथे खरे तर त्याने मालकाची पत तपासावयास हवी असते. घर बँकेकडे गहाण असेल आणि मालकाने हप्ते थकविले, तर २००२ च्या 'सरफेसी' कायद्याखाली बँक घराचा ताबा घेऊन ते विकू शकते. अशा वेळी आत राहणाऱ्या भाडेकरूचे काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे २०१४, २०१६ आणि २०१९ मध्ये वेगवेगळ्या प्रकरणांत आला. त्या निर्णयांच्या तपशिलात येथे शिरता येणार नाही. सामान्य वाचकाच्या उपयोगाचे तात्पर्य असे की, गहाणापूर्वीचा आणि रीतसर नोंदलेला करार ज्याच्याजवळ आहे त्याची बाजू भक्कम, आणि तोंडी किंवा नोंदणीविना केलेल्या करारावर विसंबणाऱ्याची दुबळी. थकबाकीची नोटीस मिळाल्यानंतर मालकाने बँकेच्या संमतीवाचून दिलेले भाडेपत्र बँकेविरुद्ध टिकणे कठीण. दक्षिण कोरियात 'जॉन्से'च्या ठेवी बुडण्याचे प्रकार इतके वाढले की २०२३ मध्ये तेथील संसदेला फसलेल्या भाडेकरूंसाठी खास कायदा करावा लागला.

बंगळुरातील प्रचलित करार अकरा महिन्यांचा असतो. एक वर्षाहून अधिक मुदतीचे भाडेपत्र १९०८ च्या कायद्याने नोंदवावे लागते, म्हणून ही अकराची युक्ती. साध्या भाड्यात ती चालून जाते. भोग्यात मात्र लाखो रुपये अडकलेले असतात. तेथे नोंदणीचा खर्च वाचविणे म्हणजे दोरी वाचवून बादली विहिरीत सोडण्यासारखे आहे. व्यवहारापूर्वी उपनिबंधकाच्या कार्यालयातून ऋणभार प्रमाणपत्र काढावे, घराचा 'खाता' कोणाच्या नावे आहे ते पाहावे, आणि 'सेरसाई' या २०११ पासून चालू असलेल्या केंद्रीय नोंदवहीत, अल्प शुल्क भरून, त्या मालमत्तेवर बँकेचा बोजा आहे काय ते तपासावे. केवळ दस्तऐवज बँकेत ठेवून केलेले गहाण ऋणभार प्रमाणपत्रात दिसेलच असे नाही. म्हणून ही दुसरी तपासणी. घर दाखविणारा मनुष्य स्वतः मालक नसून मधला व्यवस्थापक असेल, तर मूळ मालकाची भेट झाल्याखेरीज आणि पैसे त्याच्याच खात्यात जातील याची खात्री झाल्याखेरीज एक रुपयाही देऊ नये. मालकाला दरमहा भाडे आणि भाडेकरूकडून एकगठ्ठा भोग्य, असा दुहेरी खेळ करून मधला मनुष्य नाहीसा झाल्याच्या तक्रारी या शहरात वारंवार झाल्या आहेत. मालक म्हणतो मला भाडे मिळाले नाही, भाडेकरू म्हणतो मी तर आठ लाख दिले. आणि दोघेही खरे बोलत असतात.

नोंद दुरुस्त करणे

घर मिळाले म्हणजे अहवालाकडे दुर्लक्ष करावे असे नाही. २०१७ पासून प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल विनामूल्य मिळण्याचा हक्क आहे. चारही कंपन्यांचे अहवाल मागवून ताडून पाहावेत. फिटलेले कर्ज एकीकडे बंद आणि दुसरीकडे चालू दाखविलेले असू शकते. चूक आढळल्यास लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत निवारण झाले नाही तर पुढील प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई देण्याचा नियम रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये केला आणि तो २०२४ मध्ये अमलात आला. त्यानेही काम न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. पतमाहिती कंपन्या सप्टेंबर २०२२ पासून त्याच्या कक्षेत आल्या आहेत. या तक्रारीला शुल्क नाही. पैसे घेऊन 'सिबिल साफ' करून देण्याच्या जाहिराती करणारे लोक याहून निराळे काहीही करू शकत नाहीत, आणि खरी नोंद तर कोणालाच पुसता येत नाही. 'तडजोड' हा शेरा बदलावयाचा असेल तर सोडून दिलेली रक्कम बँकेला भरून 'येणे बाकी नाही' असे पत्र घेणे हाच मार्ग. तो परवडेल तेव्हाच धरावा.

घर सोडताना

शेवटचा प्रश्न अनामत परत मिळण्याचा. ज्याने ती कर्ज काढून दिली त्याला तिचा प्रत्येक दिवस महाग असतो. बंगळुरात घर सोडताना रंगरंगोटीसाठी एक महिन्याचे भाडे कापून घेण्याची प्रथा आहे. भाडेकरू सहा महिने राहिला काय आणि सहा वर्षे राहिला काय, कपात तीच. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार वाजवी वापराने होणारी झीज भाडेकरूच्या माथी मारता येत नाही, परंतु करारात कपात लिहिलेली असेल तर वादाला जागा राहत नाही. तेव्हा रंगाची रक्कम किती, ती किती वर्षांच्या वास्तव्यानंतर कापावयाची नाही, आणि उरलेली अनामत किती दिवसांत द्यावयाची, हे आत जातानाच लिहून घ्यावे. सामान लावण्यापूर्वी रिकाम्या खोल्यांची, ओल आलेल्या कोपऱ्यांची आणि तडकलेल्या फरशांची छायाचित्रे काढून मालकाकडे पाठवावीत. अनामत रोख मागितली तरी बँकेमार्फतच द्यावी आणि पावतीवर 'परतफेडीची अनामत' हे शब्द असावेत. निघण्याची सूचना करारातील मुदतीप्रमाणे लेखी द्यावी. करार त्याबाबत मूक असेल तर महिन्याच्या भाड्याला पंधरा दिवसांची सूचना कायद्याने पुरेशी धरली आहे. शेवटच्या महिन्यांचे भाडे अनामतीतून वळते करून घेण्याविषयी मालकाशी आधी बोलता येते, आणि तसे ठरल्यास तेही लिहून ठेवावे. वीजबिलाची पावती, किल्ल्या आणि उरलेली रक्कम यांची देवघेव एकाच दिवशी, शक्यतो एकाच बैठकीत व्हावी.